किरिहामी मामांच्या शेताचा चौथा कोपरा

नांबिलीतलं, तांदूळ धुवायच्या खाचांच्या मडक्यातलं, पहिलं पाणी ओतून झालं होतं. दुसऱ्या पाण्यात तांदूळ गोल फिरवत, खडे तळाच्या खाचांत बसताहेत का ते बघत मी मागच्या दारात उकिडवी बसले होते. तेवढ्यात फणसाखाली कुणीतरी खाकरलं. वर पाहिलं तर किरिहामी मामा उभे. अंगावर धुवट सारोंग, खांद्यावर पंचा, हातात काठी.

"दुवे, कामात आहेस?"

दुवे म्हणजे लेकी. गावातल्या माझ्या वयाच्या सगळ्या बायका त्यांच्या दुवेच. मी दचकले ती त्या शब्दाला नाही. सूर्य अजून नारळांच्या वर आला नव्हता, आणि इतक्या सकाळी त्यांचा आवाज मी उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता.

आमच्या गावातल्या पोरांना चालायला येतं तेव्हापासून एक गोष्ट शिकवलेली असते. पहाटे किरिहामी मामा समोरून आले तर वाट सोडायची, तोंड मिटायचं, खाली बघायचं. ते कुणाच्या तरी शेतावर केम, म्हणजे कीड घालवायचा तोडगा, करायला निघालेले असणार. घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत त्यांच्याशी कुणी एक शब्द बोललं, किंवा ते बोलले, किंवा त्यांनी मागे वळून पाहिलं, की केम बिघडला, भातावरची कीड जायची नाही. आता कोणत्या सकाळी ते केमाला निघालेत आणि कोणत्या सकाळी नुसतेच ओढ्यावर, हे कुणाला कळणार? म्हणून सगळ्याच सकाळी गाव त्यांच्याशी मुकं. माझी धाकटी तर त्यांना पाहून दोन्ही हात तोंडावर दाबून धरायची, श्वाससुद्धा सुटू नये म्हणून.

त्यांची बायको रन एतना तेवढी बोलायची, तीही ते घरात आल्यावर. आतूनच विचारायची, "झालं का?" ते "झालं" म्हणाले की मग दिवस सुरू. ती आम्हा बायकांत हसून सांगायची, "लग्न झालं तेव्हा मला वाटलं, गळ्यात मुका बांधला. मग दुपारी बोलायला लागला, तो थांबेचना!"

केम मी लांबून पाहिलेला आहे. आमच्या ह्यांच्या वडिलांच्या शेतावर. आंघोळ करून, पांढरं नेसून मामा यायचे. ओंजळीत देवळातली वाळू, भन्तेंनी तिच्यावर पिरीत, रक्षणाची सूत्रं, म्हणून दिलेली. शेताच्या एका कोपऱ्यात थोडी टाकायची, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. चौथा कोपरा मोकळा सोडायचा. किडीला जायला वाट हवी ना. ह्याचा मला फार आदर वाटायचा. "आपण मारत नाही," ते म्हणायचे, "आपण जा म्हणतो." त्या चौथ्या कोपऱ्यावरून गावात चेष्टाही चालायची. शेजारचा शेतकरी आदल्या संध्याकाळीच विड्याची पानं घेऊन त्यांच्या दारात. "मामा, उद्या त्याच्याकडे केम आहे म्हणे. चौथा कोपरा माझ्या बाजूला काढू नका हं, आधीच घरात सासरची माणसं आलीत, आणखी पाहुणे झेपायचे नाहीत." मामा हसायचे आणि रानाकडची नाहीतर ओढ्याकडची बाजू बघून कोपरा सोडायचे.

त्या काळी केम लागू पडायचा. भात उभं राहायचं.

मग ठेंगणं, लवकर येणारं भात आलं. पीक दांडगं, हे खरंच. आमच्याकडेही दोन वेळच्या जागी तीन वेळ चूल पेटली, मी नाही कशाला म्हणू? सगळ्या शिवारानं तेच लावलं. पहिल्या वर्षी कीड आली तेव्हा मामांना बोलावलं. त्यांनी केम केला. कीड हलली नाही. पुन्हा केला. नाही. लोक म्हणाले, मामांचं वय झालं, केम शिळा झाला. पाठीवरचे पंप आले. त्याच वर्षी रन एतना तापानं गेली. सातव्या दिवसाच्या दानाला मामा भन्तेंच्या पायाशी बसून म्हणाले, "माझ्यात काहीतरी नासलंय. म्हणून ती गेली आणि म्हणून कीड जात नाही." मी ताटं उचलत होते, मला ऐकू आलं.

त्यानंतर त्यांना केमाला कुणी बोलावलं नाही. पण सकाळी न बोलायची सवय मात्र गावानं सोडली नाही. बोलावणं गेलं, मुकेपण राहिलं.

त्यांचं स्वतःचं शेत शिवाराच्या खालच्या अंगाला, ओढ्याला लागून. एवढंसं. त्यात त्यांनी रतु हीनटी ठेवलं. तांबडं, बारीक, कमरेच्या वर जाणारं जुनं भात. माझ्या बाळंतपणात त्याचीच पेज मी प्याले. मामांनीच पसाभर तांदूळ पाठवला होता, केळीच्या पानात बांधून. चव अजून जिभेवर आहे. पण ते पिकतं सावकाश. सगळ्यांची कापणी होऊन खळी उठली, तरी ह्यांचं हिरवंच. मग सावडीला कोण येणार? आम्ही एकमेकांच्या शेतात पाळीनं राबतो. आज तुझी कापणी, उद्या माझी. मामांची कापणी यायची तेव्हा सगळ्यांची कोयती आढ्याला टांगलेली असायची. ते एकटेच बसून कापायचे, एकटेच पेंढ्या वाहायचे. पाखरांसाठी आम्ही प्रत्येकजण बांधालगतचा एक तुकडा सोडतो. बाकीची शेतं मोकळी झाली की सगळ्या शिवाराची पाखरं मामांच्या शेतावर. आमचे हे एकदा म्हणाले, "पाखरांचा वाटा आपण ठेवतो, वाढतात मात्र मामा."

ह्या मोठ्या हंगामाच्या आधी तलावाच्या बांधावर सभा झाली. कधी पेरायचं, पाणी कधी सोडायचं, तलावाची मोरी कधी बंद करायची, ते तिथं ठरतं. पाण्याचा विदाने, म्हणजे पाणी वाटणारा कारभारी, मुदियान्से. माणूस वाईट नाही, पण चार माणसं जमली की त्याची जीभ सैल सुटते.

"मामा, सगळ्यांचं पीक निघाल्यावर तुमच्या एकट्यासाठी मोरी उघडी ठेवायची? तलाव काय तुमच्या परसात आहे?"

लोक हसले. मामा म्हणाले, "बी राहील, बाबा. एवढ्यासाठी."

"बी ठेवून करणार काय? द्यायचंय कुणाला?"

हे बोलायला नको होतं. मामांना मूलबाळ नाही. हसणारे गप्प झाले, पण मुदियान्सेला बोललेलं परत घेता येईना. मामा काठी टेकत उठले आणि गेले.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. भात निसवायला आलं आणि तपकिरी तुडतुडे पडले. आधी शेताच्या मध्यात एक गोल पिवळा, मग तपकिरी, जसं कुणी गरम तवा पालथा ठेवला. दोन दिवसांनी शेजारी दुसरा गोल. पंप मारले, पुन्हा मारले, गोल वाढतच गेले आणि एकमेकांत मिसळले. आमचंही गेलं. हे संध्याकाळी बांधावर बसून राहायचे. चहा घेऊन गेले तर म्हणायचे, "ठेव." आणि तो तिथंच गार व्हायचा.

सगळ्या करपलेल्या शिवारात हिरवं एकच. ओढ्याकाठचं.

गेल्या पोयाला, म्हणजे पौर्णिमेला, आम्ही बायका देवळात अष्टशील घेऊन धर्मशाळेत बसलो होतो. त्या दिवशी निंदा करायची नाही, खोटं बोलायचं नाही. डिंगिरी अक्का म्हणाली, "मी निंदा करत नाही, पाहिलेलं सांगते. पेरणी झाल्यावर एका पहाटे मामा पांढरं नेसून स्वतःच्या बांधावर फिरत होते. एक कोपरा, दुसरा, तिसरा. आणि चौथा कुठं सोडला? ओढ्याकडे नव्हे. आपल्याकडे!"

"अंधारात तुला बरं दिसलं, अक्का," मी म्हटलं.

"अगं, पांढरं अंधारातच दिसतं. आणि अंधारात नाही दिसलं तर आता उजेडात बघ की! त्यांचं हिरवं, आपलं काळं. कीड गेली कुठून, आली कुठं?"

तासाभरात ते पुरुषांच्या बाजूलाही पोचलं. दुपारी मामा जेवणाचं ताट घेऊन पुरुषांच्या पंगतीला आले, तसे चटईवरचे लोक थोडे थोडे सरकले. कुणी उठून गेलं नाही. नुसतेच सरकले. मामांच्या दोन्ही बाजूंना एकेका माणसाची जागा रिकामी. ते भिंतीकडे तोंड करून जेवले. तेव्हापासून दुपारीही त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं.

आणि आज ते सकाळी, तोंड उघडून, माझ्या मागच्या दारात.

"या, मामा. बसा. चहा ठेवते."

"चहा नको. तुझे डोळे चांगले आहेत. तांदळातला खडा तुला दिसतो. माझ्या शेतात येऊन जरा बघशील?"

"काय बघू?"

"कीड आहे का."

"तुमचं शेत हिरवंगार आहे की. ओढ्याच्या घाटावरून दिसतंय."

"घाटावरून नको. बुडाशी बघायचं. मला आता हाताची बोटंसुद्धा धड दिसत नाहीत."

तांदूळ तसाच पाण्यात ठेवून, वर सूप झाकून मी निघाले. मामा पुढे, मी मागे. वाटेत ते एक अक्षर बोलले नाहीत, मागेही वळले नाहीत. इतक्या वर्षांची सवय. डिंगिरी अक्का अंगण झाडत होती. मामा पुढे जाईपर्यंत तोंड मिटून उभी राहिली आणि मग मला गाठलं.

"कुठं गं? तेही त्यांच्या मागून?"

"डोळे तपासायला."

"कुणाचे?"

"परत आल्यावर सांगते."

शेताच्या बांधावर आल्यावर मामा थांबले. आमच्या करपलेल्या शेतांकडे त्यांनी पाठ केली आणि मग बोलले.

"डिंगिरी सांगते ते खरं आहे."

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"सभेहून आलो, राग गेला नाही. दिवस गेले, पेरणी झाली, तरी जाईना. एका पहाटे उठलो, पांढरं नेसलो. वाळू घरात होती, जुनी. केमाला निघताना मन धुतलेलं लागतं, दुवे. माझं नव्हतं. तीन कोपरे केले. चौथा ओढ्याकडे सोडायचा होता. मी इकडे तोंड करून उभा राहिलो." त्यांनी काठीनं मागच्या शेतांकडे दाखवलं, न बघता. "म्हटलं, जा तिकडे. एवढंच म्हटलं. मग वाईट वाटलं, पण केम परत फिरवता येत नाही."

"मामा..."

"आता तू बघ. माझ्या शेतात कीड नसेल, तर ती मीच पाठवली. सगळ्यांच्या ताटातलं मीच काढून नेलं. मरायच्या आधी मला ते कळायला हवं."

मी साडी खोचून पाण्यात उतरले. पाणी घोट्याइतकंही नव्हतं. भात माझ्या खांद्याला लागत होतं, लोंब्या वाकायला नुकत्या लागलेल्या. एक चूड दोन्ही हातांनी फाकवला. आधी काहीच दिसेना. एक कोळी पळाला. मग आणखी खाली, पाण्याच्या अगदी जवळ, बुंध्यावर तिळासारखं काहीतरी हललं आणि बुंध्याच्या मागे सरकलं. आमच्या शेतात मी त्यांना रोज पाहिलं होतं, त्यांची ही लपायची तऱ्हा मी ओळखते.

"आहेत," मी म्हटलं.

"नीट बघ."

दुसरा चूड पाहिला. तिसरा. शेताच्या मध्यापर्यंत जाऊन पाहिलं, मग चौथ्या कोपऱ्याशी. सगळीकडे थोडे थोडे. आमच्याकडे बुंध्याला मळाचा थर बसावा तसे चिकटले होते, गलेलठ्ठ. इथले किडकिडीत. सारखे जागा बदलत होते. इथं बसले, तोंड लावलं, उठले, तिथं बसले. कित्येक पाण्यावर मरून तरंगत होते.

"आहेत, मामा. शेतभर आहेत. बसतात, पण त्यांचं पोट भरत नाहीये इथं. हे भात त्यांना पचत नाही की काय कोण जाणे."

"गेले नाहीत?"

"कुठे गेले? इथंच आहेत. तुम्ही कुणाला पाठवलं नाही."

मला वाटलं, त्यांच्या जिवावरचं ओझं उतरलं. मनात आणलं तेही कर्मच, हे मला कळतं, आणि माझ्याहून त्यांना जास्त. पण शेजाऱ्याचं शेत जाळलं नाही, एवढं तर झालं. मी हसत बांधावर आले. मामा खाली बसले होते, काठी आडवी मांडीवर. हसत नव्हते.

"म्हणजे गेलेच नव्हते," ते म्हणाले.

"नाहीच मुळी."

त्यांनी तोंड ओढ्याकडे वळवलं. एक बगळा उतरला, दोन पावलं चालला, उडाला.

"मग तेव्हाही गेले नसतील."

मला आधी कळलं नाही. आणि मग कळलं, तशी माझ्या हातातला चिखल पुसायचाही राहिला. तेव्हा सगळ्या शिवारात हेच भात होतं. हे, नाहीतर ह्याची भावंडं. मामा पहाटे वाळू टाकायचे आणि भात उभं राहायचं. मग नवं भात आलं आणि मामांचा केम गेला. त्यांच्यात काही नासलं नव्हतं. आणि त्याआधीही, त्या सगळ्या पहाटे, गाव खाली मान घालून वाट सोडत होतं तेव्हाही...

"रन एतना विचारायची, झालं का," मामा म्हणाले. "मी म्हणायचो, झालं."

पिरीत म्हटलेली वाळू वाया जाते असं मी कधीच म्हणणार नाही. माझी त्यावर श्रद्धा आहे. तसं म्हटलंही. "त्या वाळूनं तुमचं मन तर शांत राहिलं, मामा. लोकांचंही." त्यांनी मान हलवली, ऐकल्यासारखी, पण ऐकलं नसावं.

"मी सगळ्यांना सांगते," मी म्हटलं. "ह्यांना सांगते, डिंगिरी अक्काला सांगते. या आणि बघा म्हणते, कीड मामांच्या शेतातही आहे. तुमच्यावरचा आळ जाईल."

"जाईल. आणि मग ते विचारतील, केमाचं काय. सांगावं लागेल की कधी काही नव्हतं." त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. "किडीला घालवणारा म्हणून तरी लोक मला घाबरून होते. आता एक म्हातारा, ज्याच्याकडे जुनं भात आहे. बस."

त्यांनी हात पुढे करून एक लोंबी ओढली, दाणा नखानं दाबला. पांढरं दूध बाहेर आलं.

"भरतंय," ते म्हणाले. "आत्ताच भरतंय. पाणी किती आहे?"

"घोट्याखाली."

"मोरी बंद केलीय मुदियान्सेनं. सगळ्यांची जळली, मग पाणी कुणाला सोडायचं? त्याचंही बरोबर. पण आता तुटलं तर ह्या सगळ्याची फोलपटं होतील. बी राहणार नाही."

आमच्या ह्यांचा बांधावर गार होणारा चहा मला आठवला. मी म्हटलं, "मामा, पुढच्या हंगामाला आम्हाला थोडं बी द्याल?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे तोंड केलं. डोळ्यांवर पांढरट पडदा आलेला, मी दिसत होते की नुसती सावली, कोण जाणे.

"उशिरा पिकतं. सावड चुकेल तुमची."

"तुमच्याबरोबर घालू सावड. दोन घरं झाली की सावड होते."

"नवऱ्याला विचारलंस?"

"विचारते. त्यांचंही तोंड हल्ली तुमच्यासारखंच झालंय, दुपारपर्यंत उघडत नाही."

ते हसले नाहीत, पण गाल किंचित हलला. "पाणी मिळालं तर देईन," ते म्हणाले. "मिळालं तर."

"ह्यांना पाठवू का मुदियान्सेकडे? किंवा मी येते बरोबर."

"नको. त्याला केमाचंही सांगायचंय. ते माझं मलाच सांगू दे."

काठी टेकत ते उठले. उठताना एक हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि लगेच काढून घेतला, चुकून लागल्यासारखा. परतीला मी पुढे होते. घराच्या वळणाशी माझी वाट फुटली. दारात गेले तर कोंबड्यांनी सूप पाडलं होतं. तांदूळ फुगले होते, अर्धे मातीत.

मी ते गोळा करत वाकले होते, तेव्हा वाटेवर डिंगिरी अक्का दिसली, कळशी घेऊन. समोरून मामा. अक्कानं सवयीनं वाट सोडली, ओठ मिटले, नजर खाली घातली. मामा नेहमीसारखे निघून गेले नाहीत. तिच्यासमोर उभे राहिले.

"बरी आहेस ना, डिंगिरी?"

अक्कानं दचकून एक हात तोंडावर नेला. कळशी हिंदकळली. पिढ्यान्‌पिढ्यांची धास्ती आहे ती, एकदम कशी जाणार? बोटांच्या फटीतून तिचा आवाज आला, "बरी आहे, मामा."

"बरं," ते म्हणाले.

ती तिथंच उभी राहिली, हात तोंडावरच. मामा पुढे गेले. तलावाकडे वळणाऱ्या पायवाटेनं, काठीनं दगड चाचपत. मुदियान्सेच्या घरी जाऊन त्यांना मोरी उघडायला सांगायचं होतं.